अंड्याच्या सहा फाका

आमच्या करांगसोको वाडीत कुणाकडे कंदुरी, म्हणजे दुवा म्हणून घालायचं गावजेवण, निघाली की तारीख धरण्याआधी दोघांना विचारतात. एक दुवा म्हणणारे मोदिन आणि दुसरी स्वयंपाक करणारी बू तुगिनेम; बू म्हणजे बाई. मोदिन नसले तर खालच्या वाडीचे मोदिन चालतात. बू तुगिनेमला जमत नसेल तर कंदुरीच पुढे जाते. मूल जन्मल्याची असो की कुणी गेल्याची, तिच्या हातचं नसेल तर लोक कंदुरीहून घरी वाटून खायला मिळालेला बर्कतीचा डबा उघडतात आणि वास घेऊन झाकण परत लावतात, असं ती स्वतःच सांगते. निम्मं खरं आहे.

मी रुस्मी, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या न्हाणीघरांची भिंत एकच आहे, त्यामुळे बाई सकाळी सकाळी कुणावर तापली आहे हे मला दात घासतानाच कळतं. बुटकी, रुंद, डोक्याला कायम फडकं, आणि आवाज असा की सागाच्या रानात लाकडं तोडणारा तिचा नवरा तिकडून ओ देतो. आम्ही त्याला मानानं पाक सारिंगत म्हणतो. तो शेळ्या पाळतो आणि बोलत नाही. एवढ्या वर्षांत त्याला बोलायची पाळीच आली नाही. दोन मुलगे जकार्तात शेवयांची गाडी लावतात.

तिचा बाप गेला तेव्हा ती कोवळी पोर होती. त्याच्या नावाच्या कंदुरीत भात कमी पडला आणि शेवटच्या रांगेतले लोक हात हलवत घरी गेले. ही गोष्ट ती अजून सांगते, आणि सांगताना अजून तिच्या नाकपुड्या फुलतात. "माझ्या बापाच्या नावानं माणसं उपाशी गेली!" तेव्हापासून ती कुणाच्याही चुलीपाशी गेली की आधी तांदळाच्या पोत्यात हात घालून बघते, मग घरच्यांची विचारपूस करते. लोक याला उद्धटपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

तर दोन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्राकडून असं ठरलं की ज्या बाळांचं वजन वाढत नाही त्यांना रोज दुपारचं एक जेवण वाडीतच शिजवून द्यायचं. दर महिन्याला बाळांची वजनं माझ्याच पडवीत होतात. तुळईला काटा टांगायचा, त्याला कापडाची झोळी अडकवायची आणि झोळीत रडणारं बाळ, हे माझं काम. स्वयंपाक कुणी करायचा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो बू तुगिनेमला कुणी काय शिकवायचं हा. ते काम आलं म्बाक, म्हणजे ताई, हेस्तीच्या वाट्याला. आरोग्य केंद्राची पोषणाची बाई, वयानं लहान, चष्मा, स्कूटरवर येते. तिनं बू तुगिनेमच्या चुलीपाशी एक तक्ता लावला. रोज प्रत्येक बाळाला अंडं, मासा किंवा कोंबडी, आणि तेही नावाला नाही तर पुरेसं. हिरवी भाजी. तेल नाहीतर नारळाचा रस. मीठ आणि साखर हात राखून. चवीची पुडी, तयार शेवया, लाल सॉसेज असलं काही चुलीजवळही आणायचं नाही.

"मीठ हात राखून?" बू तुगिनेम म्हणाली. "म्बाक, माझा हात राखलेला असता तर या वाडीनं मला बोलावलं असतं का?"

"बाळांची मूत्रपिंडं लहान असतात, बू."

"बाळांची जीभ असते ना?"

दोन दिवस या दोघी आळणी-खारट करत भांडल्या. तिसऱ्या दिवशी बू तुगिनेमनं शेवग्याचा पाला नारळाच्या रसात मीठ जेमतेम दाखवून शिजवला, हेस्तीला खायला घातला, आणि हेस्तीनं वाटी पुसून खाल्ली. त्यानंतर मात्र बाईनं तो तक्ता असा डोक्यावर घेतला की हेस्तीलाही नको झालं. अंडीवाला बारकी अंडी देतो म्हणून त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तळ्यावरून लहान मागूर मासे आले ते तसेच माघारी धाडले. मी एकदा म्हटलं, "बू, एखाद दिवशी सोयाबीनच्या टेम्पेवर भागवू या की." ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी मशिदीतली चटई चोरली होती.

आणि तिनं ते जेवण डब्यात भरलं. इथेच घोडं पेंड खात होतं, पण ते आम्हा कुणाच्या लक्षात यायचं नव्हतं. कारण आमच्याकडे जेवण म्हणजे डबा. पुठ्ठ्याचा चौकोनी डबा, आत केळीचं पान, पानावर भाताची मूद, एका अंगाला भाजी, दुसऱ्या अंगाला मासा, आणि मधोमध सोललेलं अख्खं अंडं. कंदुरीचा भरतात तसाच. आया दुपारी यायच्या, दोन्ही हातांनी डबा घ्यायच्या, वाकून निघायच्या. बू तुगिनेम दारात उभी राहून बघायची. चेहऱ्यावर काय समाधान!

म्बाक हेस्तीनं सुरुवातीलाच विचारलं होतं, "बू, बाळं इथेच जेवली तर?"

"इथं कशाला? त्यांना काय घरं नाहीत?"

"डबा उघडतं कोण? मी फक्त विचारते."

"डबा घरी उघडतात, म्बाक. अजून कुठं उघडणार, पोलीस चौकीत?"

आम्ही सगळ्या हसलो. हेस्तीही हसली बिचारी, आणि विषय तिथंच राहिला.

महिना झाला, काटा टांगला. यादीतल्या बाळांची वजनं किरकोळ वाढली होती, काहींची तीही नाही. आणि वेनिंगचं तर उतरलं होतं. वेनिंग म्हणजे एंदांगची धाकटी, अडीच वर्षांची, केस तांबूस, मनगट माझ्या अंगठ्याएवढं. झोळीत टाकली तर रडलीसुद्धा नाही. रडणारं बाळ बरं असतं, हे आता मलाही कळायला लागलं आहे.

हेस्तीनं काटा पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाली, "बू, जेवणात अंडं रोज असतं ना?"

मी डोळेच मिटले. वाटलं आता पत्रे उडतात. पण बू तुगिनेम ओरडली नाही. तिचा आवाज खाली आला, आणि ते जास्त वाईट.

"म्बाक, माझ्या हातून आजवर कुणाच्या डब्यातलं अंडं गळालेलं नाही."

"माझा तुमच्यावर संशय नाही. पण पुढच्या वजनाला ही वाढली नाही तर मला तिला जिल्ह्याच्या इस्पितळात भरती करावं लागेल. तिथं नळीनं भरवतात. आणि बू, अशी भरती झालेली सगळीच पोरं घरी येत नाहीत."

बाजूला एंदांग उभी होती. तिनं वेनिंगला छातीशी धरलं आणि जमिनीकडे बघत राहिली. बू तुगिनेमनं झोळी काट्यावरून काढली, घडी केली, माझ्या हातात दिली.

"ही पोर माझ्याकडचं जेवून इस्पितळात जाणार नाही," ती म्हणाली. "मी जाऊ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी डबे वाटले आणि तिनं फडकं झटकलं. "रुस्मी, चल."

"कुठं?"

"अंड्याच्या मागं."

एंदांगचं घर चुनखडीच्या खाणीच्या वाटेवर आहे. आम्ही पोचलो तेव्हा घरचे सगळे चटईवर बसले होते. एंदांगचे सासरे म्बाह दिर्जो, सासू, खाणीतून जेवायला आलेला नवरा, एंदांग, थोरला मुलगा आणि वेनिंग. मधोमध आमचा डबा. म्बाह दिर्जोंनी हात पसरून दुवा म्हटली. देणाऱ्याच्या घराला बरकत येवो, त्याच्या गेलेल्या माणसांना जागा मिळो. बू तुगिनेमच्या बापाचं नावसुद्धा घेतलं. मग म्हाताऱ्यानं कमरेच्या पिशवीतून शिवणाचा पांढरा दोरा काढला, एक टोक दातात धरलं आणि त्या एका अंड्याच्या सहा फाका केल्या. काय सफाई! बलक कुठं सांडला नाही. मासाही तसाच. प्रत्येकाच्या थाळीत थिवूलच्या, म्हणजे कसाव्याच्या वाफवलेल्या पिठाच्या, ढिगावर एक फाक, एक तुकडा. वेनिंगलाही. ती आपली फाक हातात धरून थांबली, आजोबांनी तोंडात घातली तेव्हा तिनं घातली. शहाणी मुलगी. सगळ्या वाडीत कौतुक व्हावं अशी शहाणी.

"अरे, ये ये, तुगिनेम!" म्बाह दिर्जो खुश झाले. "बस. तुझी रोजची बर्कत येते, तोंडाला चव आली बघ आमच्या."

"म्बाह, ते पोरीचं जेवण आहे."

"हो, पोरीच्या नशिबानंच आलं."

"पोरीच्या एकटीचं आहे. अख्खं."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला, काहीतरी वंगाळ ऐकल्यासारखा. "बर्कत एकट्यानं खातात? कुणी शिकवलं तुला?"

"ही बर्कत नाही."

"नाही? मग डब्यात का दिलीस?"

बू तुगिनेमनं चटईवरच्या त्या डब्याकडे बघितलं, आतल्या केळीच्या पानाकडे बघितलं. दोष कुणाला देणार? त्या घरात कुणी चोरून खाल्लं नव्हतं. म्हाताऱ्यानं स्वतःला कणभर जास्त घेतलं नव्हतं. डबा दिसला, वाटला. आपल्याकडे डब्याचं दुसरं काही करतच नाहीत. आणि प्रत्येक घरात हेच चालू असणार हे आम्हा दोघींना तिथल्या तिथं उमगलं.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "त्या हेस्तीनं विचारलं होतं मला. डबा उघडतं कोण म्हणून." संध्याकाळी तिनं हेस्तीला फोन करून जे होतं ते सांगितलं, आणि डब्यांचा सगळा गठ्ठा माझ्या माळ्यावर फेकला.

उद्यापासून बाळं माझ्या पडवीत बसून ताटात जेवतील, असं जाहीर झालं. झालं, वाडीत कुजबुज सुरू. आया आल्या, पण चांगले कपडे घालून, पोरांना पावडर लावून, लग्नाला आल्यासारख्या. पोरानं दोन घास खाल्ले की आई त्याचं तोंड पुसायची. "पुरे हं. बू, खूप झालं, पोट भरलं त्याचं." ताटात अंडं तसंच. लोकाच्या दारात पोर हावरटासारखं खातं म्हटलं तर आईची काय इज्जत राहिली? पाहुण्यानं थोडं टाकायचं असतं. आमची तान्हीसुद्धा हे पाळतात.

"तोंड पुसू नकोस त्याचं!" बू तुगिनेम एकीवर खेकसली. "खाऊ दे त्याला!"

ती बाई लाल झाली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी, मग रोज एखाद-दुसरी गळत गेली. आणि एंदांग तर पहिल्या दिवसापासूनच आली नव्हती. म्बाह दिर्जोंनी निरोप धाडला होता. आमच्या घरात चूल पेटते, आमची नात लोकाच्या पडवीत ताट चाटायला बसणार नाही.

मी म्हटलं, "बू, तुम्ही जरा गोड बोला की."

"गोड बोलून वजन वाढतं का?"

"ओरडूनही वाढत नाहीये."

समोर पंधरा ताटं, चार पोरं. तिनं उरलेलं अन्न झाकलं, पायरीवर बसली, आणि बराच वेळ मोठ्या पातेल्याकडे बघत राहिली. मी तिला रागावलेली हजारदा बघितली आहे. त्या दिवशी ती घाबरलेली होती. वजनाचा दिवस जवळ येत होता आणि वेनिंगच्या पोटात अजून एकही अख्खं अंडं गेलं नव्हतं.

मग ती उठली ती तडक खाणीच्या वाटेला. मी मागून. म्बाह दिर्जो अंगणात दावं वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्बाह, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "मला माणसं कमी पडतात. एवढा स्वयंपाक मी आणि ही रुस्मी, दोघींनी ओढायचा म्हणजे कंबर मोडते. उद्यापासून एंदांगला रेवांगला पाठवा."

दावं थांबलं.

रेवांग म्हणजे कुणाच्या घरच्या कार्याला हातभार लावायला जाणं. नारळ खवायचे, कांदे सोलायचे, पातेली घासायची. कुणी रेवांगला बोलावलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर तुमच्या घरी माणूस गेलं तरी तुमच्या चुलीपाशी कुणी फिरकत नाही. आमच्याकडे नवऱ्याशी भांडण चालतं, कर बुडवला तरी चालतं, रेवांगला नाही म्हणणं चालत नाही. म्हातारा हे जाणून होता. ती हे जाणून होती. आणि ती हे जाणून आहे हेही म्हाताऱ्याला कळत होतं.

"लबाड आहेस तू, तुगिनेम," तो म्हणाला.

"हो. सकाळी नऊला पाठवा. पोरीला मागं ठेवू नका, आईवाचून रडेल."

"ती रडत नाही."

"रडेल," बू तुगिनेम म्हणाली. "रडायचं बळ येऊ दे, मग रडेल."

प्रत्येक घरी गेली ती. सगळीकडे तेच. मला माणसं कमी पडतात. दुसऱ्या दिवशी सगळ्या हजर, जुनी लुगडी, विसविशीत ब्लाउज, पावडर नाही की काही नाही, हातात आपापली विळी. पोरं कडेवर. आणि चुलीभोवती ज्या गप्पा सुरू झाल्या त्या काय सांगू! कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाची म्हैस. एकीनं पाक सारिंगतच्या मुकेपणाची अशी नक्कल केली की बू तुगिनेमसुद्धा पोट धरून हसली. रेवांगच्या चुलीपाशी कुणी पाहुणं नसतं. तिथं उभ्या उभ्या खातात, पातेल्यातून खातात, एकमेकींच्या पोराला भरवतात. कुणी तोंड पुसत नाही, कुणी पुरे म्हणत नाही. कामाला आलेलं माणूस खाणारच, त्यात लाज कसली?

म्बाक हेस्ती आली आणि दारातच तिनं कपाळाला हात लावला. "बू! एवढ्या जणी चुलीपाशी? स्वच्छतेचे नियम आहेत. केस उघडे, लहान मुलं विस्तवाजवळ…"

"मग नियम सांगा. कोण नाही म्हणतंय?"

हेस्तीनं सांगितले. साबणानं हात, डोक्याला फडकं, विस्तवापासून पोरं दूर, कच्च्या माशाची सुरी वेगळी. बू तुगिनेमनं त्याच दमात सगळ्यांना नळावर पिटाळलं. आणि हेस्तीनं आणखी एक गोष्ट पकडली. वेनिंगसारख्या बाळाला एवढंसं पोट, त्यात पातळ भाजी आणि भातच भरला जातो. भात थोडा कमी करा, त्यावर नारळाचा दाट रस आणि तेलाचा चमचा घाला, आणि अंडं भाताआधी द्या. बू तुगिनेमनं एरवी वाद घातला असता. या वेळी म्हणाली, "हे बरोबर आहे. हे मला सुचायला हवं होतं."

पण वेनिंग. पहिल्या दिवशी तिच्या हातात सोललेलं अख्खं अंडं दिलं तर ती ते घेऊन बसूनच राहिली. मग उठली, अंडं आईपुढे धरलं. आईनं नको म्हटलं. माझ्यापुढे धरलं. मग दुसऱ्या पोरापुढे. त्यानं चावा घेतला, गधड्यानं. शेवटी मांजरासमोर बसली आणि बोटांनी अंड्याचे तुकडे करून ओळीनं मांडायला लागली. एंदांग तोंड फिरवून रडली.

बू तुगिनेम पोरीसमोर जमिनीवर बसली, गुडघे कुरकुरत होते तरी. दुसरं अंडं सोललं.

"हे तुझं."

पोरीनं ते तिच्याकडे ढकललं.

"माझं मी खाल्लं. हे तुझं."

पुन्हा ढकललं. पुन्हा दिलं. भात करपायला लागला, मी ओरडले, तिनं ऐकलं नाही. करपू दे म्हणाली. बू तुगिनेम म्हणाली करपू दे! किती वेळ हा खेळ चालला कोण जाणे, पण शेवटी पोरीनं एक कोपरा कुरतडला, आमच्याकडे बघितलं, कुणी दोरा काढत नाही अशी खात्री केली, आणि मग खाल्लं. निम्मंच. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त. एकदा ओकली, तेव्हा वाटलं सगळं गेलं. हेस्ती म्हणाली, थोडं थोडं, दोनदा द्या. तसं केलं. रोज ती बाई त्या पोरीसमोर जाऊन बसायची. दोन ठिकाणच्या कंदुऱ्या तिनं नाकारल्या, माणसं चिडली, खालच्या वाडीची स्वयंपाकीण बोलावली गेली. मला वाटलं तिला ते लागेल. लागलंच. पण ती उठली नाही.

आणि एका सकाळी मी वेनिंगच्या ताटातला मासा काटा काढायला उचलला, तर पोरगी भोकाड पसरून रडली. काय ते रडणं! चुलीपाशी सगळ्या जणी टाळ्या वाजवायला लागल्या आणि त्यामुळे ती आणखीच रडली.

वजनाच्या दिवशी मी काटा टांगला. बू तुगिनेम खांबाला टेकून उभी. वेनिंग झोळीत गेली, पाय झाडले. हेस्तीनं आकडा वाचला, मग पुन्हा वाचला, चष्मा काढून डोळे पुसले. वाढलं होतं. चांगलं वाढलं होतं. इस्पितळाचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. पुढच्या वजनाला तर पोर धोक्याच्या रेघेच्या वर गेली, आणि हेस्ती म्हणाली, "आता तिचं नाव उतरवायचं, बू."

"उतरवायचं म्हणजे?"

"बरी झाली. नियमच तसा आहे. वरच्या वाडीची पोरं थांबली आहेत, त्यांना जागा द्यायची."

"आणि ही उद्या काय खाणार? नियम?"

"घरचं खाईल."

बू तुगिनेमच्या अंगाची लाहीलाही झाली हे मला दिसत होतं. पण वरच्या वाडीची एक बाई पोराला घेऊन दारातच उभी होती, आणि त्या पोराचंही मनगट अंगठ्याएवढंच होतं. बू तुगिनेमनं त्याच्याकडे बघितलं. मग त्या बाईला म्हणाली, "उद्या नऊला ये. विळी घेऊन ये." आणि फडकं झटकून खाणीच्या वाटेला लागली.

म्बाह दिर्जो ओसरीत होते. वेनिंग शेजारी कोंबड्यांना दाणे टाकत होती. बू तुगिनेम समोर बसली.

"म्बाह, उद्यापासून ही माझ्याकडे जेवायची नाही. उद्यापासून अंडं तुमच्या खुराड्यातलं. वाटणी कोण करणार?"

"मीच. या घरात वाटणी मी करतो."

"सहा फाका?"

"सहा माणसं, सहा फाका." म्हातारा चिडला नव्हता. शांतपणे सांगत होता. "तू तेव्हा जन्मलेली नव्हतीस. उंदरांनी शेतं खाल्ली त्या साली या डोंगरात लोकांनी केळीचे कंद उकडून खाल्ले. घराघरात घासावरून मारामाऱ्या. आमचा बाप थिवूलचा एक गोळा घ्यायचा आणि दोऱ्यानं कापायचा. सात माणसं, सात भाग. मी थोरला, मला जास्त नाही. तो राबायचा, त्याला जास्त नाही. आमच्या घरात त्या साली एक भांडण झालं नाही, तुगिनेम. त्या दोऱ्याला नावं ठेवायची नाहीत."

"नाही ठेवत," ती म्हणाली. "सगळे वाचलात?"

म्हाताऱ्यानं कोंबड्यांकडे बघितलं.

"धाकटी नाही. तुमी नाव तिचं."

"केवढी होती?"

त्यानं तोंडानं सांगितलं नाही. हनुवटीनं वेनिंगकडे खूण केली.

"तिलाही सारखाच मिळायचा," तो म्हणाला. "बाप तिचा भाग कधी चुकवायचा नाही. आम्ही म्हणायचो, जन्मतःच अशक्त होती." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "सारखाच मिळायचा."

मला रडू आवरेना, मी दाराकडे बघत राहिले.

म्हाताऱ्यानं सुनेला हाक मारली. "एंदांग, उद्यापासून हिचं अंडं सोलून हिच्या हातात दे. माझ्यासमोर आणू नकोस."

बू तुगिनेम उठली, लुगडं झटकलं. "उद्या दुपारी मी येते बघायला."

"माझ्या शब्दावर भरवसा नाही तुझा?"

"शब्दावर आहे, म्बाह. हातावर नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वेनिंग उंबऱ्यावर बसून अंडं खात होती. म्बाह दिर्जो तिच्याकडे पाठ करून बसले होते, आणि तिचं खाऊन होईपर्यंत त्यांनी वळून बघितलं नाही.